मशीनचं दावं

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावात सक्तीची विश्रांती दोघांना मिळाली. एक बन्सीनानांना आणि दुसरी चांगुणावहिनींच्या उजव्या मनगटाला. दोघांनाही ती नको होती.

बन्सीनाना माझे चुलते. पारनेर तालुक्यात कुणाला बैल घ्यायचा असला की घोडेगावच्या बाजारात नाना बरोबर लागत. त्यांनी हात ठेवला तो बैल घ्यायचा, त्यांनी तोंड फिरवलं की तो कितीही देखणा असो, पुढं सरकायचं. पण त्या वर्षी लोक असलेले बैल छावणीत नेऊन बांधत होते. नवा बैल घेणारा माणूस वेडाच ठरला असता. त्यामुळं नाना पारावर बसून माणसांच्या चालीत खोडी काढत. मी नगरला कॉलेजात शिकवायचो. सुट्टीत गावी गेलो तेव्हा मला लांबून येताना पाहूनच ते म्हणाले, "डावा पाय फेकायला लागलायस. सावेडीला ऱ्हायला गेल्यापासून."

चांगुणावहिनींचं दुखणं मात्र खरं होतं. वहिनी म्हणजे सहादेवची बायको. त्या घरात वाडवडिलांपासून चामड्याचं काम. सहादेवच्या वडिलांनी आमच्या विहिरीच्या मोटा शिवल्या. पुढं विजेचे पंप आले आणि मोट शिवायला कुणी येईना, तेव्हा सहादेव कंडक्टर आणि पोस्टमन खांद्याला अडकवतात तसल्या चामडी पिशव्या करू लागला. कातडं तो कापायचा, शिवायच्या वहिनी. आरीनं भोक पाडायचं, मेण-राळेचा दोरा ओवायचा, दोन्ही हातांनी ओढायचा, की झाला एक टाका. वहिनींचा टाका असा की नगरचा दुकानदार पिशवी हातात घेऊन आधी शिवण बघायचा. सहादेवचा टाकाही त्यानं एकदा पाहिला होता आणि पुन्हा दाखवू नका असं नम्रपणे सांगितलं होतं.

तर वहिनींचं मनगट सुजलं. नगरच्या डॉक्टरांनी ते दाबून पाहिलं आणि आरी कायमची बंद सांगितली.

"दागतर म्हणला, आरी धरू नका," वहिनींनी मला ओट्यावर बसवून सांगितलं. "म्या म्हणलं, मग काय तुमी धरता? तर हसला. हसाया काय जातंय त्याला."

आरी नाही म्हणजे पिशव्या नाहीत. पिशव्या नाहीत म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. तिथले मुकादम आरी धरायला लावत नव्हते, हातोडा देत होते. डॉक्टरांनी हातोड्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, पण मनगटाला ते न सांगताही कळलं असतं.

यावर उपाय एकच होता, चामडं शिवायचं मशीन. नवं परवडणारं नव्हतं. भिंगारला लष्करातल्या लोकांचे बूट दुरुस्त करणारे दस्तगीरभाई म्हणून एक म्हातारे गृहस्थ दुकान आवरत होते, आणि त्यांच्याकडं दोन जुनी मशिनं होती, एवढी बातमी सहादेवनं काढली होती. दोघं नवरा-बायको जाऊन बघणार होते. पण गावात कुणी चार पायांची वस्तू एकट्यानं जाऊन घेत नसे, आणि मशीनला चार लोखंडी पाय असतात हे नानांना कुणीतरी सांगितलं.

"मी येतो," नाना म्हणाले. "परफेसरलाही घेऊ. विंग्रजीत काय लिव्हलेलं असंल तर वाचंल."

अशा रीतीनं आम्ही चौघं भिंगारला गेलो. वहिनींनी कापडात गुंडाळून चामड्याचे तुकडे घेतले होते. नानांनी धोतर धुतलेलं होतं आणि खांद्यावर बाजाराचा रुमाल होता. वर्षभरात मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं.

दस्तगीरभाईंचं दुकान जुन्या बाजारात, एका खोलीचं. मागं घर. दोन्ही मशिनं शेजारीशेजारी मांडलेली. एक काळंभोर, चकचकीत, अंगावर सोनेरी फुलं. दुसरं लांब मानेचं, रंग उडालेलं, ठिकठिकाणी तांबडं पडलेलं, बघताना आपल्यालाच थकवा यावा असं. मला पहिलं आवडलं. त्याच्यावर इंग्रजी अक्षरंही स्पष्ट होती. दुसऱ्यावरची झिजून गेली होती, म्हणजे माझं अर्धं काम दारातच संपलं.

नानांनी दारात चपला काढल्या, दोन्ही मशिनांना लांबून एक फेरी घातली आणि मग मागं जाऊन उभे राहिले. दस्तगीरभाई जरा गोंधळले.

"काका, इकडून बघा ना. सुई इकडं असते."

"पुढून सगळीच चांगली दिसत्यात," नाना म्हणाले.

मग त्यांनी सोनेरी फुलांच्या मशीनवर हात ठेवला. हाताचा वास घेऊन पाहिला. मग तो माझ्या नाकाशी धरला. ताज्या रंगाचा वास होता.

"कवा रंगवलं?"

"गेल्या महिन्यात," दस्तगीरभाई प्रामाणिकपणे म्हणाले. "दिसायला बरं."

नाना आमच्याकडं वळले. "घोडेगावला शिंगं चकचकीत दिसली की म्या थांबत न्हाई. शिंगं कोन रंगवतं? ज्येचा बैल म्हातारा त्यो."

"पण नाना, हे शिंग नाही," मी म्हणालो.

"तुला विंग्रजी वाचाया आनलंय."



आता नाना लांब मानेच्या मशीनसमोर उकिडवे बसले. "दात दावा."

मला वाटलं, आता दस्तगीरभाई आम्हाला बाहेर काढतील. पण त्यांनी शांतपणे सुईजवळचा लोखंडी पाय उचलून तळ दाखवला. तिथं खरोखरच बारीक खाचा होत्या. त्यांनीच चामडं धरून पुढं ढकललं जातं. नानांनी त्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा.

"वय?"

"मोठ्या लढाईच्या आधीचं. माझ्या वालिदांनी घेतलं. गोऱ्या साहेबांचे बूट शिवलेत यानं."

"म्हंजे म्हातारं."

"म्हातारा मी आहे, काका. हे जुनं आहे."

"कामात मधेच बसतं का?"

"बसतो मी. ते उभंच असतं."

"बुजतं का? आवाजाला, गर्दीला?"

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवून सोनेरी फुलं बघू लागलो.

"तोफा उडवतात ना मैदानात," ते शेवटी म्हणाले, "तवासुद्धा चालतं."

हे उत्तर नानांना फार पटलं. आमच्या भागातला एकही बैल तोफेजवळ उभा केलेला नव्हता.

सहादेव इतका वेळ कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. वहिनी मात्र पदर खोचून सगळं ऐकत होत्या आणि त्यांचा धीर सुटत चालला होता. "नाना," त्या म्हणाल्या, "त्येला जोखड घालायचं न्हाई, चामडं शिवायचं हाय. सरा बाजूला." आणि त्या चकचकीत मशीनसमोर जाऊन बसल्या.

त्यांनी कापडातला एक पातळ तुकडा सुईखाली सरकवला. मशीन भुरभुर चाललं. टाका सुंदर पडला. माझ्या निवडीला पाठिंबा मिळतोय म्हणून मी जरा ताठ झालो. मग वहिनींनी पिशवीचा पट्टा जिथं पिशवीला जोडतात तसला तीनपदरी तुकडा काढला.

"त्यो नको," दस्तगीरभाई घाईनं म्हणाले. "हे कपड्याचं मशीन आहे. पातळ चामडं शिवतं, पण..."

"ओझं लावल्याबिगर कळत न्हाई," नाना म्हणाले. या एका बाबतीत वहिनींचं आणि त्यांचं एकमत होतं. बाजारात गाडीची चाकं बांधून बैलाला ओढायला लावतात, ते नानांनी सहादेवला तेवढ्यात समजावून सांगितलं.

वहिनींनी पाय दाबला. सुई पहिल्या पदरात गेली, दुसऱ्यात गेली आणि तिसऱ्यात मोडली. सुईचा तुकडा उडून माझ्या कोटाच्या बाहीत रुतला. माझं मशीनविषयीचं मत तिथं संपलं.

वहिनी उठल्या आणि लांब मानेच्या मशीनसमोर बसल्या. दस्तगीरभाईंनी स्वतः दोरा ओवून दिला. पाय दाबल्यावर आधी एक कण्हल्यासारखा आवाज आला, मग चाक हललं आणि सुई तीनही पदरांतून घाई न करता खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. वहिनी वळणावर थांबल्या तेव्हा दस्तगीरभाईंनी तो लोखंडी पायच गोल फिरवून दाखवला. चामडं होतं तिथंच राहिलं, शिवण वळली. वहिनींनी उजवा हात उचलून बाजूला धरला आणि एकट्या डाव्यानं काही टाके घातले. त्यांनी तुकडा सोडवला, दातांनी दोरा तोडला, टाके ओढून पाहिले, आणि सहादेवकडं दिला. सहादेवनं तो बघून नानांकडं दिला. नानांनी शिवणीकडं पाहिलंच नाही.

"मान हालवत न्हाई," ते म्हणाले. "ह्येच घ्यायचं."

भावाची बोलणी नानांनी बाजाराच्या रीतीनं केली. त्यांनी दस्तगीरभाईंचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि आत बोटं दाबू लागले. दस्तगीरभाईंना वाटलं, हे नाडी बघतायत. "तब्येत ठीक आहे, काका," ते म्हणाले. मग सहादेवनं त्यांना रुमालाखाली बोटांनी भाव सांगायचा प्रकार समजावला. रुमाल बराच वेळ हलत होता. शेवटी दोघांनी माना डोलावल्या. आकडा काय ठरला हे रुमालाखाली ठरल्यामुळं मला आजतागायत माहीत नाही. पण सहादेवचा चेहरा उजळला, आणि दस्तगीरभाईंचाही पडला नाही, त्यावरून ठीक असावा.

त्यानंतर वहिनींना दस्तगीरभाईंच्या घरातून चहाला बोलावणं आलं. सहादेव हातगाडी बघायला गेला. दुकानात आम्ही तिघं उरलो. तेव्हा नानांनी ती गोष्ट केली.

मशीनच्या खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या छोट्या चाकावर एक गोल चामडी पट्टा जातो. पाय मारला की खालचं चाक फिरतं आणि पट्टा वरचं फिरवतो. नानांनी तो पट्टा दोन्ही चाकांवरून अलगद काढला, नीट गुंडाळला, आणि दोन्ही हातांनी दस्तगीरभाईंपुढं धरला.

"हे तुमचं तुमाला."

"हे कशाला?"

"जनावर आमचं झालं. दावं मालकाचं. दावं घेऊन गेलो तर तुमची दावण मोकळी व्हईल."

आमच्याकडं बैल विकणारा आपलं दावं काढून घेतो आणि घेणारा स्वतःचं नवं दावं बांधून बैल नेतो. ते दावं एकदा परत गेलं की व्यवहार पक्का. मग खोड निघो, काही निघो, बैल परत होत नाही. दस्तगीरभाईंना यातलं किती कळलं कोण जाणे. पण आयुष्यभर लोकांनी त्यांच्या दुकानातून वस्तू नेल्या होत्या. परत देणारा बहुधा पहिलाच. त्यांनी पट्टा घेतला आणि छातीशी धरला. मला ते दृश्य फार शोभिवंत वाटलं. पट्ट्याशिवाय मशीन चालत नाही, हा विचार त्या शोभेत कुठंच बसत नव्हता.

पारनेरच्या एस.टी.वर मशीन चढवताना कंडक्टरनं आक्षेप घेतला. वहिनींनी त्याचं बोलणं ऐकलंच नाही. त्या त्याच्या खांद्यावरची पिशवी उलटीपालटी करून बघत होत्या. "ही आमची न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यो पट्टा आषाढापत्तूर तुटंल." कंडक्टरनं पिशवी छातीशी धरली आणि मशीनचा विषय सोडून दिला.

घरी आल्यावर सहादेवनं मशीन ओट्यावर मांडलं. शेजारपाजारची माणसं जमली. वहिनी पदर सावरून बसल्या, पाय मारला. खालचं चाक छान फिरलं. वरचं जागचं हललं नाही.

सहादेवनं वाकून पाहिलं. मग मशीन गुंडाळून आणलेलं पोतं झटकून पाहिलं. मग म्हणाला, "नाना, पट्टा कुठाय?"

"दिला की."

"कुनाला?"

"मालकाला. दावं न्हवं का त्ये?"

सहादेव खाली बसला. वहिनी आपलं मनगट दुसऱ्या हातात धरून बसल्या. नानांनी इकडंतिकडं पाहिलं. दावं परत गेलं होतं. आता मशीन परत होणार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

"आरं, मग दावं नवं वळा," ते जरा हळू म्हणाले. "तुमी चामड्याचीच मानसं ना?"

यात तथ्य होतं. सहादेव माळ्यावर चढला आणि एक जुनी मोट घेऊन उतरला. ती आमच्याच विहिरीची होती. नाना ती दुरुस्तीला टाकून गेले आणि पंप बसल्यावर न्यायला आलेच नाहीत. सहादेवनं रापीनं तिची एक लांबलचक सलग पट्टी काढली, पिळली, दोन्ही चाकांवरून मापून पाहिली. राहिला जोड.

"मी घालतो टाका," सहादेव म्हणाला.

"तुजा टाका जाड. चाकावर उडंल." वहिनींनी हात पुढं केला. "आन आरी."

"दागतरनं..."

"आन म्हणते ना."

त्यांनी जोड घातला. टाके मोजकेच होते, पण प्रत्येक टाक्याला त्यांचे ओठ घट्ट मिटत. मग आरी त्यांनी मागं न बघता बाजूला ठेवली. सहादेवनं पट्टा चढवला.

एवढ्यात नानांना आठवलं की नवं जनावर दारात आलं आणि त्याचं काहीच केलं नाही. ते घरी जाऊन करडईचं तेल घेऊन आले. दमून आलेल्या बैलाला तेल पाजतात. मशीनला तोंड नेमकं कुठं हे माहीत नसल्यानं त्यांनी ते सगळीकडं पाजलं. सुईला, चाकाला, पायांना, आणि पट्ट्याला तर अगदी हात फिरवून फिरवून. शेजारच्या छबूबाई हळद-कुंकू घेऊन आल्या, ते लावलं. पायांवर पाणी घालायला त्यांनी तांब्याही आणला होता, पण तो सहादेवनं काढून घेतला.

वहिनींनी पाय मारला. खालचं चाक फिरलं. पट्टा जरासा सरकला आणि नुसताच घसरू लागला. वरचं चाक स्वस्थ उभं.

"बसलं," जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं.

नानांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी पसंत केलेलं जनावर कधी जोखडाखाली बसलेलं नव्हतं. ते मशीनजवळ गेले आणि अगदी हलक्या आवाजात त्याला म्हणाले, "आरं, इच्यारलं हुतं म्या तुज्या मालकाला."

वहिनी खाली वाकून पट्टा बघत होत्या. त्यांनी त्यावरून बोट ओढलं, बोट नाकाशी नेलं, आणि मान वर केली.

"नाना, तेल कुनी लावलं?"

"म्या."

"पट्ट्याला?"

"दमलं हुतं."

"नाना," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला, "तुमी जरा पारावर जाऊन बसता का?"

नाना ओट्यावरून उतरले, पण पारावर गेले नाहीत. वहिनींनी फडक्यानं पट्टा कोरडा होईपर्यंत पुसला. दोन्ही चाकांच्या खाचा पुसल्या. मग चुलीतली राख चोळली, ती झटकली, आणि दोऱ्याला लावायची राळ घेऊन पट्टा आतल्या अंगानं घासला. इतकी वर्षं त्या हाताची आग करणारी ती चिकट राळ. सहादेवनं पट्टा ओढून पाहिला, चिकटला.

वहिनींनी पिशवीचा तीनपदरी जोड सुईखाली घेतला. पाय मारला. तेच भिंगारचं कण्हणं आलं, वरचं चाक फिरलं, आणि सुई तिन्ही पदरांतून, कुणाचीही भीड न ठेवता, खाली उतरली.

पट्ट्याचा जोड वरच्या चाकावरून जाताना बारीक टक् असा आवाज करायचा. टक्, टक्, टक्. वहिनींचा डावा हात चामडं वळवत होता. उजवा मांडीवर पडला होता, तळवा वर, आणि काम चालू असताना तो काहीच करत नव्हता. सहादेव त्या हाताकडंच बघत होता. मग तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पाणी प्यायला गेलो होतो, असं नंतर म्हणाला.

नाना अंगणातून म्हणाले, "खोड न्हाई. नव्या घरात बिचकलं हुतं."

"वर या नाना, चहा घ्या," वहिनी मान न उचलता म्हणाल्या. "फकस्त हात धुवून या."

मला नगरला परतल्यावर एकदा भिंगारला जावं लागलं, तेव्हा दस्तगीरभाईंना भेटलो. सोनेरी फुलांचं मशीन एका शिंप्यानं नेलं होतं. खोली रिकामी होती. खिळ्यावर तो पट्टा टांगलेला होता, तेल लावून मऊ ठेवलेला. मी त्यांना पट्ट्याचं सगळं सांगितलं. ते कळवळून म्हणाले की मी तसाच एस.टी.नं पाठवून दिला असता. मी म्हटलं, आता परत पाठवू नका, नानांच्या हिशेबानं तुमचा गोठा रिकामा होईल. त्यांनी पट्ट्याकडं पाहिलं आणि मान डोलावली.

"बाईंचा हात कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो. "परवा नाना पुन्हा तेलाची बाटली घेऊन गेले होते. त्यांना अंगणाबाहेर काढताना वहिनींनी तोच हात हलवला."